जिनिंग आणि डाळ मिलच्या पॅनलची थर्मल तपासणी: दार उघडण्यापासून फेरतपासणीपर्यंत

मराठवाड्यात विजेचा मोठा लोड हंगामावर चालतो. दिवाळीच्या आगेमागे कापूस यायला लागला की परभणी, जालना, बीडकडच्या जिनिंगमधलं सात-आठ महिने गार पडलेलं पॅनल चार-आठ दिवसांत पूर्ण लोडवर जातं. साखर कारखान्यांचं गाळप त्याच सुमारास सुरू होतं. लातूर-उदगीरच्या डाळ मिलना नव्या तुरीची आवक वाढली की उसंत नसते. मधल्या पावसाळ्यात लग (केबलच्या टोकाला बसवलेली धातूची टोपी) आणि बसबार (पॅनलमधली वीज वाटणारी जाड धातूची पट्टी) यांच्या जोडांवर ओल आणि धूळ बसलेली असते, अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढलेला असतो. जोडाचा रोध वाढला की तिथे उष्णता होते. धातू फुगतो, लोड उतरल्यावर आकसतो, आणि दर फेरीला बोल्टची पकड थोडी आणखी सैल होते. पुढच्या फेरीत रोध आणखी वाढलेला असतो. असा जोड शेवटी जळतो, आणि ज्या शेडमध्ये रुईचे तंतू उडत असतात तिथे आग टर्मिनलपुरती राहील याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

जळण्याआधी कित्येक दिवस असा जोड शेजारच्या जोडांपेक्षा गरम असतो. थर्मल कॅमेऱ्यात तो दिसतो, पण कॅमेऱ्यावरचा आकडा लोड किती होता, पृष्ठभाग कसा होता आणि तुलना कशाशी केली हे कळल्याशिवाय वाचता येत नाही. पुढची सगळी माहिती ४१५ व्होल्टच्या एलटी (कमी दाबाच्या) पॅनलसाठी आहे. ११ किंवा ३३ केव्हीच्या एचटी (उच्च दाबाच्या) भागाबद्दल जिथे वेगळं सांगायला हवं तिथे सांगितलं आहे.

तपासणी कधी ठेवायची

सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे शटडाऊनच्या दिवशी कॅमेरावाल्याला बोलावणं. लोड नसेल तर खराब जोडसुद्धा गार दिसतो. जोडातली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. म्हणून त्या फीडरवर (पॅनलशी जोडलेल्या त्या लाइनवर) नेहमीच्या कमाल लोडच्या किमान ४० टक्के लोड हवा, आणि तोही निदान तासभर स्थिर. जाड बसबार आणि मोठ्या केबल तापायला वेळ घेतात.

कमी लोडवर मिळालेला फरक पूर्ण लोडला किती होईल याचा अंदाज काढता येतो. समजा, इनकमरच्या (पॅनलला पुरवठा आणणाऱ्या मुख्य फीडरच्या) बी फेजचा लग इतर दोन फेजपेक्षा १२ अंशांनी गरम आहे आणि लोड निम्माच आहे. पूर्ण लोडला करंट दुप्पट होईल. वर्गाच्या हिशोबाने फरक ४८ अंशांवर जातो. प्रत्यक्षात हवेने काही उष्णता निघून जाते, म्हणून घातांक २ ऐवजी १.६ धरण्याचीही पद्धत आहे. तेव्हा फरक ३६ च्या आसपास येतो. खरा आकडा या दोन्हींच्या मधे कुठेतरी असेल, आणि दोन्ही आकडे काम तातडीचं आहे हेच सांगतात. जो फीडर १२ अंशांवर ‘चालून जाईल’ वाटत होता, तो जानेवारीत पूर्ण क्षमतेवर टिकणार नाही.

हंगामी उद्योगासाठी आमचा आग्रह असा: सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पॅनल बंद असताना साफसफाई, बोल्टचा टॉर्क आणि मेगरची (इन्सुलेशनच्या रोधाची) तपासणी उरकावी. पहिली थर्मल तपासणी लोड आल्यानंतर आठ-दहा दिवसांत, दुसरी हंगामाच्या मध्यावर. वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत बारमाही चालणाऱ्या कारखान्यांनी वर्षातली एक तपासणी एप्रिल-मेमध्ये ठेवावी. बाहेर ४२-४३ अंश असताना पत्र्याच्या शेडमधल्या पॅनलच्या आत ५० अंश सहज होतात, आणि कमकुवत जागा तेव्हाच उघड्या पडतात.

दार उघडण्याआधी

कॅमेरा ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीची उष्णता टिपतो. पत्रा, काच आणि पॅनलचं पारदर्शक अॅक्रिलिक यांच्या आरपार ती येत नाही. बंद दारावर कॅमेरा धरला तर दाराचंच तापमान मिळतं. म्हणजे आवरण काढावं लागतं, आणि सगळा धोका तिथेच आहे.

त्या धोक्याचं माप घ्या. ५०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा ४३३ व्होल्टवरचा पूर्ण लोड करंट सुमारे ६६७ अँपिअर. इम्पीडन्स (करंटला होणारा ट्रान्सफॉर्मरचा आतला विरोध) ४.५ टक्के असेल तर त्याच्या टर्मिनलजवळ शॉर्ट झाल्यावर जवळपास १५ हजार अँपिअर वाहतात. आवरण काढताना निसटलेला एक स्क्रू दोन फेजमध्ये पडला तर तयार होणारा आर्क हजारो अंशांचा असतो. तांब्याची वाफ होते आणि स्फोटासारखा दाब समोर येतो. हातमोजे शॉकपासून वाचवतात, या ज्वाळेपासून नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. बोल्टने बसवलेली आवरणं चालू पॅनलवर काढू नयेत. फीडर बंद करून आवरण काढा, समोर दोरी किंवा बॅरिकेड लावा, सगळ्यांना मागे घेऊन फीडर पुन्हा चालू करा, लोड चढू द्या आणि मग मीटर-दीड मीटरवरून चित्रं घ्या. झाल्यावर पुन्हा बंद करून आवरण बसवा. वेळ जातो, उत्पादन थोडं थांबतं, पण याला सुरक्षित पळवाट नाही. जिथे वरचेवर तपासणी लागते त्या इनकमरवर इन्फ्रारेड खिडकी बसवून घ्यावी. तिच्यातून बंद दारानेच पाहता येतं, मात्र खिडकीतून किती टक्के उष्णता पार होते तो आकडा कॅमेऱ्यात भरावा लागतो, नाहीतर तापमान कमी दिसतं.

बिजागरीचं दार चालू स्थितीत उघडायचंच असेल तर परवानाधारक वायरमन किंवा सुपरवायझरनेच उघडावं, सोबत दुसरा माणूस असावा आणि वरचा ब्रेकर कुठला हे त्याला माहीत असावं. कॅमेरा धरणाऱ्याने दार उघडू नये. त्याचं लक्ष पडद्यावर असतं. उघडणाऱ्याने दारासमोर उभं न राहता बाजूला राहावं. अंगावर आर्क-रेटेड सूट आणि फेसशिल्ड, हातात आयएस ४७७० प्रमाणित रबरी हातमोजे आणि त्यावर चामड्याचे, पायाखाली आयएस १५६५२ ची मॅट. टेरिकॉटचा शर्ट वितळून कातडीला चिकटतो, तो चालत नाही. अंगठी, कडं, साखळी, खिशातला मोबाइल बाहेर ठेवा.

पॅनलमधून चरचर आवाज येत असेल, जळका वास येत असेल, दार हाताला गरम लागत असेल किंवा तळाशी पाणी दिसत असेल तर कॅमेऱ्याची वाट पाहू नका. वरून पुरवठा तोडा. जिनिंग हॉलमध्ये हवेत तंतू उडत असताना चालू पॅनलचं दार उघडूच नये.

एचटी पॅनलचं दार चालू स्थितीत कुणीही उघडू नये आणि इंटरलॉकला बगल देऊ नये. यार्डातले ट्रान्सफॉर्मरचे बुशिंग, एबी स्विच (उघड्यावरचा स्विच), जंपर (जोडतारा) कुंपणाबाहेरून पाहता येतात. ते सूर्यास्तानंतर तासा-दोन तासांनी पाहावेत, कारण दिवसा उन्हाने तापलेला आणि करंटने तापलेला भाग वेगळा ओळखू येत नाही. जोराचा वारा असेल तरी थांबा. वाऱ्याने जोड गार होऊन दोष लपतो.

कॅमेऱ्याची मांडणी

इथे सर्वात जास्त घोटाळे होतात, म्हणून जरा सावकाश.

प्रत्येक पृष्ठभाग आपल्या तापमानाच्या मानाने किती उष्णता बाहेर टाकतो त्याला एमिसिव्हिटी म्हणतात. पीव्हीसी इन्सुलेशन, रंग, हीट-श्रिंक स्लीव्ह आणि इलेक्ट्रिकल टेप यांची ०.९ ते ०.९५ असते. चकचकीत तांबं किंवा अॅल्युमिनियमची ०.१ किंवा त्याहूनही कमी. बाकीचं ते आरशासारखं परावर्तित करतात. बसबार खरोखर ९० अंशांवर आहे, आजूबाजूला ३५ अंश आहेत आणि कॅमेरा ०.९५ वर ठेवला आहे, तर पडद्यावर फक्त ४२ च्या आसपास दिसेल. अहवालात ‘सर्व ठीक’ लिहिलं जाईल आणि बार तापतच राहील. उलटही होतं: जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये तापलेल्या बिलेटची झळ उघड्या बारवर परावर्तित होऊन चांगला जोड गरम दिसतो. संशय आला की दोन पावलं बाजूला सरका. खरा गरम ठिपका जागेवर राहतो, परावर्तन तुमच्यासोबत हलतं.

कॅमेऱ्यात एमिसिव्हिटी ०.०८ भरून उघड्या तांब्याचं तापमान काढायचा प्रयत्न करू नका. तिथे थोड्या चुकीने आकडा वीस-तीस अंशांनी सरकतो. त्यापेक्षा जोडाला लागून असलेली स्लीव्ह, केबलचं इन्सुलेशन किंवा रंगवलेला भाग मोजा. शटडाऊनमध्ये प्रत्येक महत्त्वाच्या जोडाजवळ, तिन्ही फेजवर सारख्याच अंतरावर, २-३ सेंटिमीटरची इलेक्ट्रिकल टेपची पट्टी किंवा उष्णता सोसणाऱ्या मॅट रंगाचा ठिपका द्या. पुढची कित्येक वर्षं त्याच जागेवर मोजता येतं. टेप किंवा रंग लावणं हे फक्त पुरवठा बंद असताना.

परावर्तित तापमानही भरावं लागतं. अॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून पुन्हा सपाट करा, कार्डबोर्डवर लावा, बाहेरच, जोडाचं तोंड जिकडे आहे तिकडेच म्हणजे कॅमेऱ्याकडे तोंड करून धरा, कॅमेऱ्याची एमिसिव्हिटी १ करा आणि फॉइल मोजा. तो आकडा म्हणजे परावर्तित तापमान.

अंतराचं गणित खरेदीआधीच करा. १६० × १२० पिक्सेलच्या साधारण कॅमेऱ्यात एका मीटरवर एक पिक्सेल सुमारे अडीच मिलिमीटरचा असतो, आणि भरवशाचं मोजमाप हवं तर लक्ष्य निदान तीन पिक्सेल रुंद हवं, म्हणजे ८ मिलिमीटर. पॅनलसाठी हे पुरतं. दहा मीटरवरच्या जंपरसाठी तेच ८ सेंटिमीटर होतं; छोटा क्लॅम्प त्यात आजूबाजूच्या थंड आकाशात मिसळून कमी दिसतो. बाजारात मिळणारी लेझरची तापमान-गन याहून मर्यादित आहे. १२:१ ची गन ६० सेंटिमीटरवरून ५ सेंटिमीटरच्या वर्तुळाची सरासरी दाखवते, लेझरच्या ठिपक्याची नाही. एमसीबीचा एक टर्मिनल स्क्रू तिने मोजता येत नाही.

फोकस आधी नीट करा. एमिसिव्हिटी आणि परावर्तित तापमान नंतर संगणकावर बदलता येतं, धूसर चित्र सुधारता येत नाही.

फिरण्याचा क्रम आणि चित्र वाचणं

ट्रान्सफॉर्मरच्या एलटी बाजूपासून सुरुवात करून इनकमर, बसबारचे जोड, आउटगोइंग फीडर, स्टार्टर आणि मोटरचा टर्मिनल बॉक्स असं पुढे जा. प्रत्येक ठिकाणी थर्मल चित्र, साधा फोटो आणि तिन्ही फेजचा करंट घ्या. पॅनलवर चालू स्थितीतला अँमीटर असेल तर त्यावरूनच वाचा. टाँग टेस्टर (केबलभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर) लावावाच लागला तर वरची सगळी साधनं अंगावर असताना.

करंटशिवाय चित्राचा अर्थ लागत नाही. गरम जागा जोडावर सर्वात तेज आणि केबलवर पुढे जाताना फिकी होत गेली तर जोडाचा दोष. एका फेजची केबल पूर्ण लांबीभर सारखी गरम असेल तर त्या फेजवर करंट जास्त आहे. लोड वाटणी बघा, पाना हातात घेऊ नका. तिन्ही केबल सारख्याच गरम असतील तर ओव्हरलोड किंवा केबलचा साइज कमी. न्यूट्रल फेजपेक्षा गरम असेल तर ऑफिस, एलईडी, यूपीएस अशा सिंगल फेज लोडचे हार्मोनिक्स (करंटच्या लहरीतली विकृती) किंवा मोठं असंतुलन शोधा.

एचआरसी फ्यूजची अंगभर सारखी ऊब साधारण आहे. एकच टोक गरम असेल तर क्लिपची पकड गेली. तीनपैकी एक फ्यूज पूर्ण गार असेल तर तो उडालेला असू शकतो आणि मोटर दोन फेजवर चालत असेल. ती लगेच थांबवा. एमसीसीबीचं (मोठ्या करंटच्या ब्रेकरचं) अंग एका फेजवर गरम आणि टर्मिनल त्यापेक्षा गार असेल तर आतला कॉन्टॅक्ट झिजला आहे. आतल्या दोषाची झळ बाहेर येईपर्यंत बरीच कमी होते, म्हणून बाहेर ६-७ अंशांचा फरकही गंभीर धरावा.

स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये चालू मोटरला स्टार कॉन्टॅक्टर गार दिसणं बरोबर आहे. मेन आणि डेल्टा कॉन्टॅक्टरमधून लाइन करंटच्या सुमारे ५८ टक्केच करंट जातो, त्यामुळे त्यांची तुलना आपसातच करावी. कॉइल आणि ओव्हरलोड रिले स्वभावानेच कोमट असतात. एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या) पॅनलमध्ये कॉन्टॅक्टर लागलेला असूनही कपॅसिटर गार असेल तर फ्यूज किंवा कपॅसिटर गेलेला आहे. केव्हीएएच बिलिंगमध्ये पॉवर फॅक्टर घसरला की बिल वाढतं, म्हणून त्याचे पैसे दरमहा जातात.

एक जागा बहुतेक जण विसरतात: ग्लँड प्लेट, म्हणजे केबल पॅनलमध्ये शिरते ती प्लेट. मोठ्या करंटची सिंगल कोअर केबल लोखंडी प्लेटच्या स्वतंत्र भोकातून गेली असेल तर भोवती प्रवर्तित करंट फिरून प्लेट तापते. जोड पक्का असूनही केबलचं इन्सुलेशन ग्लँडपाशी काळं पडतं. उपाय म्हणजे अॅल्युमिनियमची प्लेट, किंवा तिन्ही फेज एकाच मोठ्या खाचेतून नेणं.

किती फरक म्हणजे किती गंभीर

नेटा या आंतरराष्ट्रीय संस्थेचा तक्ता बहुतेक ठिकाणी वापरला जातो. सारख्या लोडवरच्या सारख्या भागांमध्ये १ ते ३ अंशांचा फरक असेल तर दोषाची शक्यता, तपास करावा. ४ ते १५ असेल तर दोष बहुधा आहे, सवडीने दुरुस्ती ठरवावी. १५ च्या वर असेल तर ताबडतोब. तुलनेला दुसरी फेज नसेल तर सभोवतालच्या हवेपेक्षा ४० अंशांहून जास्त वाढ ही ताबडतोबीची खूण.

हा तक्ता आंधळेपणाने वापरू नये. कमी लोडवरचे ४ ते १५ अंश किती फसवे असतात ते वर आलंच आहे. शिवाय प्रत्यक्ष तापमानाला स्वतंत्र मर्यादा आहेत. पीव्हीसी केबलच्या कंडक्टरची मर्यादा ७० अंश, एक्सएलपीईची ९०. मे महिन्यात पॅनलच्या आत ५० अंश असतील तर पीव्हीसीला फक्त २० अंश उरतात. फेजमध्ये काहीच फरक नसला तरी ती केबल धोक्यात आहे. एमसीबीही साधारण ३० अंशांच्या हिशोबाने जुळवलेली असते, त्यामुळे उन्हाळ्यात ती रेटिंगच्या आतच पडते. तेव्हा मोठी एमसीबी टाकणं हा उपाय नव्हे, त्याने केबलचं संरक्षण जातं. पॅनलला हवा द्या, फिल्टर साफ करा, पॅनल उन्हाच्या भिंतीवरून हलवा.

दुरुस्ती

गरम जोड सापडला की पाना घेऊन आवळून टाकायचा मोह होतो. तापलेला बोल्ट आवळला तरी लगखालचा जळालेला थर तसाच राहतो आणि दोन महिन्यांत तीच जागा पुन्हा तापते. चालू पुरवठ्यावर आवळणं तर जिवावरचं काम आहे.

पुरवठा तोडा, ब्रेकरला कुलूप आणि टॅग लावा, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. टेस्टर आधी चालू जागी तपासा, मग कामाच्या जागी तिन्ही फेज आणि न्यूट्रल बघा, मग पुन्हा चालू जागी. कपॅसिटर पॅनलमध्ये डिस्चार्ज होऊ द्या आणि मोजून खात्री करा.

जोड पूर्ण खोला. लगचा रंग निळसर-काळा झाला असेल किंवा इन्सुलेशन कडक झालं असेल तर चांगला भाग येईपर्यंत केबल कापा आणि नवीन लग लावा. हातोडीने चेपलेला लग ठेवू नका. योग्य मापाच्या डायने क्रिम्प करा. आपल्याकडे बहुतेक केबल अॅल्युमिनियमच्या आणि बसबार वा टर्मिनल तांब्याचे असतात. या दोन धातूंत ओल शिरली की गंज लागतो, म्हणून बायमेटॅलिक लग घ्या. अॅल्युमिनियमचे तंतू तारेच्या ब्रशने घासून लगेच जॉइंटिंग कंपाउंड लावा. ऑक्साइड काही क्षणांत पुन्हा धरतो.

बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. उत्पादकाचा तक्ता असेल तर तोच अंतिम. नसेल तर ८.८ ग्रेडच्या बोल्टने बांधलेल्या बसबारच्या जोडाला एम ८ साठी २० न्यूटन-मीटर, एम १० साठी ४० आणि एम १२ साठी ७० च्या आसपास धरतात. एमसीबीच्या टर्मिनलला हे लागू नाही. त्यांना साधारण २ ते ३ पुरतात. जास्त आवळल्याने अॅल्युमिनियम दबून हळूहळू सरकतं आणि जोड पुन्हा सैल होतो. स्प्रिंगी कोनिकल वॉशर वापरा आणि शेवटी नट-बोल्टवर रंगाची रेघ ओढा, म्हणजे पुढच्या वेळी सरकलेला बोल्ट नुसत्या नजरेने दिसतो.

पॅनलमधली रुई आणि डाळीचं पीठ व्हॅक्यूमने काढा. कॉम्प्रेसरच्या हवेने तंतू कॉन्टॅक्टरच्या आत घुसतात आणि सोबत पाणी-तेलही जातं. केबल शिरते ती भोकं बंद करा, दाराचं रबर बदला.

दुरुस्तीनंतर पूर्वीइतकाच लोड आल्यावर त्याच कोनातून, त्याच पट्टीवर पुन्हा चित्र घ्या. फरक १-२ अंशांवर आला नाही तर दोष दुसरीकडे आहे: बहुधा ब्रेकरच्या आत किंवा बारच्या मागच्या जोडात. तिन्ही पोलचा मिलिव्होल्ट ड्रॉप सारख्याच करंटवर मोजा. एका पोलचा ड्रॉप बाकीच्यांच्या दुप्पट असेल तर ब्रेकर बदला.

अहवालात प्रत्येक जागेसाठी फीडरचं नाव, दोन्ही चित्रं, तिन्ही फेजचा करंट, पॅनलमधली हवा, वापरलेली एमिसिव्हिटी, अंतर, फरक, केलेली दुरुस्ती आणि फेरतपासणीचा आकडा असावा. कॅमेरावाला एजन्सीचा असेल तर करंटचे रकाने रिकामे असलेला अहवाल स्वीकारू नका. ते रकाने भरल्याशिवाय पुढच्या हंगामात तुलना कशाशी करणार?